पेठ नाक्यावरची गुप्तता

मैनाताई विधाते माणसाला नाव विचारण्याआधी गाव विचारत. गाव कळलं की तिथलं कोण कोण आपल्या ओळखीचं आहे ते सांगत आणि मगच नावाकडे वळत. पेठ नाक्याजवळच्या त्यांच्या दुकानात नुसता फोन करायला आलेला माणूस जाताना धाकट्या मेहुण्याच्या लग्नाची अडचण सांगून जायचा. यात मैनाताईंचा काही डाव नसे. वेळेवर चहा लागावा तशी त्यांना माणसांची माहिती लागायची. आणि याच बाईंचं दुकान सगळ्या पंचवटीत गुपित राखणारं म्हणून नावाजलेलं होतं.

हा नावलौकिक एका गोधडीनं मिळवून दिला होता.

चौऱ्याण्णव साली त्यांनी नाक्यावर गाळा घेऊन एसटीडी बूथ टाकला आणि त्याला तान्ह्या मुलीचं, हर्षालीचं, नाव दिलं. नवऱ्याचा, म्हणजे सोमाभाऊंचा, मखमलाबादला फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पण मैनाताईंना झेंडूत करमत नसे. झेंडूला गाव विचारता येत नाही. बूथची काचेची खोली बसवून दिली तेव्हा सुतार छातीवर हात ठेवून म्हणाला, की आत कुणी कितीही ओरडलं तरी बाहेर मुंगीला ऐकू जायचं नाही. मैनाताईंनी मान डोलावली, त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर सोमाभाऊंना आत कोंडून सांगितलं, कुणाला तरी फोन लावा आणि नेहमीसारखं बोला.

सोमाभाऊंनी दिंडोरीच्या बहिणीला फोन लावला आणि खरोखरच नेहमीसारखं बोलले. मळ्याचं काय, पाण्याचं काय, आणि मैनाच्या हातच्या भाजीला अलीकडे चव कशी राहिली नाही, तिचं सगळं लक्ष या बूथपायी कसं उडालंय, हे सगळं मैनाताईंनी बाहेर स्टुलावर बसून शब्दन् शब्द ऐकलं. त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. एक, सोमाभाऊंनी आठवडाभर स्वतःची भाजी स्वतः करायची. दुसरी, विकणारा काय म्हणतो त्याला काही किंमत नाही, आत माणूस बसवून बाहेरून ऐकल्याशिवाय काच घ्यायची नाही.

मग त्यांनी घरातली जाड गोधडी उसवून बूथच्या आतल्या बाजूला ठोकली. खोलीची भट्टी झाली. उन्हाळ्यात लोक घामानं निथळत बाहेर यायचे, पण आवाज बाहेर यायचा नाही. पळून जाऊन लग्न करणारी जोडपी, भावकीत भांडण असलेले लोक, हरसूलकडून बाजाराला आलेले आणि मुंबईतल्या मुलाला दुखणं सांगायचं की नाही या विचारात पडलेले म्हातारे, सगळे दुसरे दोन बूथ ओलांडून गोधडीच्या बूथमध्ये येत. बाहेर आल्यावर मैनाताई पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आणि विचारायच्या, "सगळं बरं आहे ना?" अर्धे लोक तिथंच सगळं सांगून टाकत. गोधडीनं आत अडवलेलं पाण्याच्या तांब्यावर बाहेर यायचं, पण ते मैनाताईंच्या लक्षात येत नसे. लोकांच्याही नसे.

पुढे हातोहाती मोबाईल आले आणि बूथची रया गेली. मैनाताई हातावर हात ठेवून बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी कॉलेजच्या मुलींच्या बरोबरीनं संगणकाचा कोर्स केला, परीक्षा चालू असताना शेजारणीला गाव विचारल्याबद्दल पर्यवेक्षकाची बोलणी खाल्ली, पास झाल्या, आणि सिंहस्थाच्या आधल्या वर्षी बूथ काढून तिथं चार संगणकांचं 'हर्षाली सायबर' उघडलं. प्रत्येक संगणकाला प्लायवूडचा आडोसा केला. मात्र त्या काळात सायबरमध्ये पोरं काय काय पाहतात याच्या कथा सगळीकडे ऐकू यायच्या, म्हणून गिऱ्हाइकांच्या पाठीमागच्या भिंतीवर त्यांनी एक लांबलचक आरसा लावून घेतला. काउंटरवर बसून मान वर केली की चारही पडदे त्यात दिसत. पडद्यावरची अक्षरं उलटी दिसायची, पण वर्षभरात मैनाताईंना उलटं इंग्रजी सुलट्यापेक्षा भरभर वाचता यायला लागलं. पोरं वचकून असत आणि मुलींच्या आया निर्धास्त. आरसा हे आपल्या दुकानाचं भूषण आहे असं मैनाताई मानत.

दुकान चाललं. दिंडोरीचे द्राक्षवाले हवामान बघायला येत, मुलं निकाल बघायला, आणि लग्नाची स्थळं बघायला तर अख्खी कुटुंबं येऊन एका खुर्चीभोवती गर्दी करत.

भाग्यश्री मात्र एकटी यायची. मैनाताईंच्या मळ्याला लागूनच तिच्या वडिलांचा, रावजींचा, भाजीपाल्याचा मळा. आई कुसाबाई गणेशवाडीच्या बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची. भाग्यश्री एका खाजगी शाळेत शिकवत होती आणि शाळा सुटली की तीन नंबरच्या संगणकावर तासभर काहीतरी लिहीत बसायची. मन लावून लिहिणारी मुलगी मैनाताईंना फार आवडायची.

दोन हजार पाचच्या जानेवारीत ती एक दिवस आली ती संगणकाकडे गेलीच नाही. काउंटरपाशी उभी राहिली. तिनं जे सांगितलं ते असं. हैदराबादला कर्णबधिर मुलांना शिकवण्याचा एक चांगला अभ्यासक्रम होता आणि तिनं गुपचूप त्याला अर्ज केला होता. घरी तिच्या लग्नाचं दिंडोरीच्या एका स्थळाशी बोलणं चाललं होतं, म्हणून निवड झाल्यावरच तोंड उघडायचं असं तिनं ठरवलं होतं. पण घरी सगळं कळलं होतं. हैदराबादचं नावसुद्धा. रावजी तिला म्हणाले होते, तू कुठं काय लिहितेस ते आम्हाला कळत नाही असं समजू नकोस. आता ते बोलत नव्हते, आणि दिंडोरीकरांच्याही कानावर गेलं होतं.

"म्हणजे कुणीतरी माझी मेल उघडून वाचली," भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "काकू, तुमच्या गोधडीच्या बूथमधून कधी काही बाहेर गेलं नाही. मग इथून कसं गेलं?"

मैनाताईंना हे असं लागलं, की त्या दिवशी त्यांनी चार गिऱ्हाइकांना गावच विचारलं नाही. भाग्यश्रीच्या मागून तीन नंबरवर कोण कोण बसलं होतं ते त्यांनी आठवून पाहिलं. आठवले ते सगळेच संशयित वाटले. मग त्यांनी ठरवलं, की चोर शोधण्यापेक्षा भोक बुजवू. काचेला गोधडी मिळाली तशी संगणकालाही मिळेल.

गोधड्या तर इंटरनेटवर ढिगानं पडल्या होत्या, आणि सगळ्या फुकट. पहिली सापडली ती मागचं सगळं पुसून टाकणारी. एक बटण दाबलं की झाडू फिरल्याचं चित्र यायचं आणि खाली लिहून यायचं, की तुमच्या वापराचा कसलाही माग आता उरलेला नाही. मैनाताईंनी सुतारासारखीच तिचीही मनातल्या मनात स्तुती केली आणि मग परीक्षा घ्यायला बसल्या. शोधायच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत त्यांनी टाइप केलं, 'सोमाला जिलेबी चोरून खायची सवय आहे'. झाडू फिरवला. पाहिलेल्या पानांची यादी खरोखरच साफ झाली होती. मग त्यांनी चौकटीत नुसतं पहिलं अक्षर टाइप केलं, आणि मशीननं सेवकासारखं आदबीनं पुढचं सगळं वाक्य आपणहून पुढे केलं, जिलेबीसकट. पाटी पुसली होती, पण पाटीला पाठ होतं.

दुसऱ्या गोधडीनं त्यांची झोप उडवली. ती गुप्तहेर शोधणारी होती. पडदाभर तांबडी अक्षरं पसरली आणि त्यांच्या दोन नंबरच्या संगणकात दोनशे सतरा धोके दडले आहेत असं तिनं कळवलं. कुणीतरी तुमची प्रत्येक कळ वाचतं आहे, असंही म्हटलं. धोके दाखवणं फुकट होतं. काढायचे तर परदेशी कार्डानं पैसे भरायचे होते. मैनाताई घाबरल्या. त्यांनी सोमाभाऊंना मळ्यात फोन केला. सोमाभाऊ फवारणीच्या मध्यावर होते. ते म्हणाले, वायर काढून टाक आणि घरी ये.

मैनाताई घरी गेल्या नाहीत. त्यांनी रविवार कारंजावरून वाल्मीकला बोलावलं. हा संगणक दुरुस्त करणारा माणूस, कमी बोलणारा आणि म्हणून मैनाताईंना थोडा अवघड जाणारा. त्यानं संगणक पुसून सगळं पहिल्यापासून नव्यानं भरलं. इंटरनेटची वायर जोडायला तो वाकला तेव्हा मैनाताईंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, आत्ता हे लेकरू जन्मलेलं आहे, यानं अजून बाहेरचं जग पाहिलं नाही, आधी याला तपासू. गुप्तहेर शोधणारं ते साधन त्यांनी सीडीवर उतरवून ठेवलं होतं, ते चालवलं.

दोनशे सतरा.

वाल्मीक आयुष्यात पहिल्यांदा मैनाताईंसमोर आपणहून एक वाक्य बोलला. "ताई, हे मोजत नाय. हे सांगतं."

मैनाताईंनी संगणक बंद केला, वायर न जोडताच कुलूप लावून गेल्या आणि सकाळी पुन्हा तपासलं, तर दोनशे एकोणीस झाले होते. बंद मशीनच्या पोटी दोन धोके जन्माला आलेले पाहून त्यांची भीती गेली आणि राग आला. तो राग त्यांनी पुढचे कितीतरी दिवस जपून वापरला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या ही गोष्ट सांगत आणि शेवटी विचारत, की ताप नसताना थर्मामीटर ताप दाखवतो, आणि औषधही थर्मामीटरवालाच विकतो, तर अशाला काय म्हणावं? द्राक्षवाल्यांना याचं उत्तर माहीत असायचं, पण ते बाईमाणसासमोर सांगण्याजोगं नसायचं.

एप्रिलच्या उन्हात जीवन आला. गळ्यात टाय, खांद्याला बॅग. एका कंपनीची 'कवच' नावाची सेवा तो सायबरवाल्यांना विकत फिरत होता. ती घेतली की दुकानातलं सगळं इंटरनेट आधी कंपनीच्या यंत्रातून जाणार आणि तिथून पुढे जगात. त्यामुळे पलीकडच्याला तुम्ही कोण, कुठले, काहीच कळणार नाही. मॅडम, तुम्ही अदृश्य, असं तो म्हणाला. वाक्य पाठ केलेलं होतं, पण घाम खरा होता.

मैनाताईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं, समोरच्या गाड्यावरून उसाचा रस मागवला आणि गाव विचारलं. गाव इगतपुरी. वडील रेल्वेत. तिथल्या पावसानं भिंतींना बुरशी येते, म्हणून आईला दम्याचा त्रास. थोरल्या भावाचं बायकोशी पटत नाही, ती माहेरी आहे. त्याचं स्वतःचं एका मुलीवर मन आहे, ती नर्सिंगला आहे, घरी अजून सांगितलेलं नाही. रसाचा ग्लास रिकामा होईतो गुप्तता विकायला आलेल्या त्या तरुणाजवळ स्वतःचं असं एकही गुपित उरलं नव्हतं, आणि त्याला मात्र फार हलकं वाटत होतं.

मग मैनाताई कामाच्या गोष्टीवर आल्या.

"हे तुमचं यंत्र कुठं आहे?"

"परदेशात आहे, मॅडम. एकदम सुरक्षित."

"तिथं आमचं सगळं दिसत असेल."

"नाही, नाही. तिथं बघायला कुणीच नसतं."

"मग ते बिघडलं तर दुरुस्त कोण करतं?"

"इंजिनियर करतो."

"म्हणजे एक जण असतो," मैनाताई म्हणाल्या. "पलीकडच्याला दिसणार नाही, हे मी मानते. पण तुमच्या त्या इंजिनियरला सगळंच दिसणार. आधी माझं गिऱ्हाईक दहा ठिकाणी थोडं थोडं दिसत होतं, आता एकाच ठिकाणी पूर्ण दिसेल. तो माणूस कसा आहे? त्याचं गाव कोणतं?"

जीवननं त्याच्या साहेबांना फोन लावला. साहेबांना गाव माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, की कंपनीचं लिखित धोरण आहे, ते दाखवा. जीवनच्या बॅगेत ते होतं, बारीक इंग्रजीत. मैनाताईंनी त्याला ते मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लावलं. त्यानं सुरुवात झोकात केली. आम्ही आपल्या खाजगीपणाचा आदर करतो, इथपर्यंत आवाज खणखणीत होता. सेवा सुधारण्यासाठी वापराची नोंद ठेवू शकतो, इथं जरा उतरला. मग त्यानं एक ओळ मनातल्या मनात वाचली, पुन्हा वाचली, आणि टायची गाठ सैल केली.

"काय आहे?" मैनाताईंनी विचारलं.

"आमच्या निवडक भागीदारांना माहिती देऊ शकतो, असं आहे," तो म्हणाला. "ताई, खरं सांगू का, मी हे आज पहिल्यांदाच वाचतोय."

मॅडमची ताई झाली होती. मैनाताईंना त्याचा राग आला नाही. ज्याच्या आईच्या दम्याचं औषध आपल्याला पाठ झालंय त्याच्यावर रागवायचं कसं? त्यांनी त्याला हर्षालीसाठी आणलेल्या करंज्या बांधून दिल्या, आणि नर्सिंगवालीचं घरी लवकर सांगून टाक, असा सल्लाही दिला. कवच मात्र घेतलं नाही.

जूनमध्ये भाग्यश्रीची निवड झाल्याचं कळलं. दिंडोरीचं स्थळ तोवर मोडलं होतं. मुलीच्या मनात नाही तर कशाला, असं म्हणून त्या लोकांनी सभ्यपणे पाय मागे घेतला. घरी मोठं वादळ झालं. रावजी नको म्हणाले, मग गप्प बसले, आणि शेवटी कुसाबाईच उठली. पोरीला मी सोडून येते, असं म्हणाली आणि बाजाराचा एक दिवस बुडवून खरंच हैदराबादपर्यंत जाऊन सोडून आली. जाण्यापूर्वी भाग्यश्री मैनाताईंना भेटायला आली, पाया पडली, पण तीन नंबरवर बसली नाही. निरोपाची मेल तिनं दुसरीकडून केली होती. ते मैनाताईंना कळलं आणि पुन्हा लागलं.

पावसाळा संपता संपता जीवन परत आला. टाय नव्हता. कवच कंपनी सोडून तो एका कॉलेजच्या संगणक विभागात लागला होता. त्यानं सांगितलं, की त्यांच्या प्रयोगशाळेत एक साधन वापरतात. संगणक बंद करून चालू केला की मधल्या वेळात जे काही झालं ते सगळं तो विसरतो आणि होता तसा होतो. गिऱ्हाईक उठलं की एकदा बंद-चालू करायचं, बस.

मैनाताईंनी जिलेबीचं वाक्य टाइप केलं, फोटो उतरवून ठेवले, एक मेल मुद्दाम उघडी टाकली. बंद केला, चालू केला. पहिलं अक्षर दाबलं. मशीनला काही आठवेना. वाल्मीकला बोलावून शोधायला लावलं. त्यालाही जिलेबी सापडली नाही. तरी मैनाताईंचं समाधान होईना. त्यांनी जीवनला विचारलं, "यानं काय काय होत नाही?"

"बरंच होत नाही," जीवन म्हणाला. "इथून जे बाहेर गेलं ते बाहेर गेलं, ते काही परत येत नाही. गिऱ्हाईक बसलेलं असताना मागून कुणी पाहिलं, तर त्याला हे काही करू शकत नाही. आणि बंद-चालू करायला तुम्ही विसरलात, तर फुकट आहे."

इतक्या महिन्यांत आपल्या वस्तूला काय जमत नाही हे सांगणारा हा पहिला माणूस भेटला होता. मैनाताईंनी तिथंच हो म्हटलं. चारही संगणकांवर ते बसवून घेतलं आणि दाराबाहेर पाटी लावली, की येथील संगणक तुमचं काहीही लक्षात ठेवत नाहीत. पहिल्याच आठवड्यात सोमाभाऊंनी पुष्पप्रदर्शनासाठी चार तास खपून टाइप केलेला अर्ज संगणक विसरला. सोमाभाऊंनी मैनाताईंकडे नुसतं पाहिलं. त्या म्हणाल्या, पाटी वाचायची होती.

आता सायबरकडे लोकांचा ओढा वाढला. फसव्या लॉटरीच्या मेल घेऊन लोक येत, कुणी कुठलं सुरक्षेचं साधन विकत घेऊ का म्हणून विचारत, आणि मैनाताई आपले प्रश्न विचारत: हे कुणाचं आहे, त्याचं पोट कशावर चालतं, आणि यानं काय होत नाही? त्यांचा रुबाब थोडा वाढलाच होता.

अशात गुरुवारी-गुरुवारी कुसाबाई यायला लागली. बाजार उरकला की मेथीच्या उरलेल्या जुड्या काउंटरवर ठेवायची आणि लेकीला मेल लिहायला सांगायची. ती बोलायची आणि मैनाताई इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायच्या. बाजारात ओरडून ओरडून कुसाबाईचा आवाज कायमचा मोठा झालेला होता. म्हशीचं पोट, रावजींचं मूळव्याधीचं दुखणं, भावकीतला बांधाचा तंटा, मैनाच्या दुकानातली जीवननं बसवलेली विसरभोळी मशीनं, हे सगळं ती हैदराबादला पोचेल अशा आवाजात सांगायची. आडोशाच्या पलीकडचे द्राक्षवाले रावजींना कोणतं औषध द्यावं ते तिकडून सुचवायचे. मैनाताईंनी एकदा हळू बोला म्हणून सांगून पाहिलं. कुसाबाई म्हणाली, "हळू बोलले तर तिकडं नाय पोचायचं."

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी मेल लिहून झाली आणि कुसाबाई चहा घेत बसली. लेक खुशीत होती, सुट्टीला येणार होती, रावजीही आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं कौतुक सांगायला लागले होते. मैनाताईंनी सहज विषय काढला. तेव्हा भाग्यश्रीची मेल कुणी वाचली ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणाल्या.

"कुणी वाचली?" कुसाबाईनं विचारलं. "कुणीच नाय वाचली."

"मग तुम्हाला हैदराबादचं कसं कळलं?"

"तूच तर सांगितलंस, मैना," कुसाबाई म्हणाली. "संक्रांतीच्या बाजारात. शेवंती घेऊन आली होतीस नाय का. म्हणालीस, पोरगी लय हुशार आहे तुझी, इंग्रजीत काय पानंच्या पानं लिहिते, हैदराबादला धाडते. मला बरं वाटलं. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, तर ह्यांचं टाळकंच फिरलं. मग पोरीसमोर आपला रुबाब केला ह्यांनी."

मैनाताईंनी हातातला कप खाली ठेवला. बाजारातली ती सकाळ त्यांना आठवेना. मग आठवली. असं कौतुक त्या दिवसातून दहा जणांचं करत, त्यात हे एक. गुपित आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण भाग्यश्रीनं त्यांना हैदराबादचं सांगितलंही नव्हतं. त्यांनी ते मान वर करून, उलट्या अक्षरांत, कौतुकानं वाचलं होतं. पोरांना धाक म्हणून लावलेल्या आरशात गेली तीन वर्षं एकच माणूस सगळ्यांचं सगळं वाचत होता, आणि त्याचं गाव मैनाताईंना चांगलं माहीत होतं.

कुसाबाई निघून गेल्यावर त्यांनी सोमाभाऊंना बोलावून आरसा उतरवला. सोमाभाऊंनी कारण विचारलं तेव्हा, तडा गेलाय, असं सांगितलं. आरसा अखंड होता. सोमाभाऊंनी तो निमूटपणे घरी नेला.

मग त्यांनी भाग्यश्रीला मेल लिहिली. चार वेळा खोडली. शेवटी जे झालं ते सरळ लिहिलं, की तुझी मेल कुणी उघडली नव्हती, मी आरशातून वाचली आणि मीच तुझ्या आईला बोलले, मुद्दाम नव्हे पण बोलले, आणि तुझं स्थळ माझ्यामुळे मोडलं. उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मैनाताईंनी कुणाला काही विचारलं नाही. द्राक्षवाले त्यांना बरं नाही का म्हणून चौकशी करून गेले.

उत्तर लहान होतं. भाग्यश्रीनं लिहिलं होतं, की तेव्हा पंधरा दिवस ती घरात रडली होती, ते ती विसरलेली नाही. पण स्थळ मोडलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो मुलगा फोनवर सगळा वेळ ट्रॅक्टरबद्दल बोलायचा. आणि खाली लिहिलं होतं, 'काकू, मशीन विसरायला शिकलं, आता तुमच्यावर बसेल असं काही आहे का ते जीवनला विचारून ठेवा.'

मैनाताईंनी ते दोनदा वाचलं. एकदा हसल्या आणि एकदा नाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी भाग्यश्री आली. अंगानं भरली होती, आणि बोलताना हातांनी खुणा करायची नवी सवय लागली होती. आईनं पाठवलेला फराळाचा डबा तिनं काउंटरवर ठेवला, दोघी इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग ती म्हणाली, की एक मेल करायची आहे. तीन नंबर मोकळाच होता. ती जाऊन बसली.

मैनाताई उठल्या आणि दुकानाबाहेर येऊन फूटपाथवर उभ्या राहिल्या. ऊन चांगलंच होतं. झेंडूच्या रिकाम्या पाट्या घेऊन सोमाभाऊ टेम्पोतून तिथंच उतरले आणि उन्हात काय उभी आहेस म्हणाले.

"आत गिऱ्हाईक आहे," मैनाताई म्हणाल्या.

"गिऱ्हाईक तर रोजच असतं."

दाराच्या काचेतून आडोशाच्या वर भाग्यश्रीचं डोकं तेवढं दिसत होतं. ते एकदा जोरात हललं. ती एकटीच खदखदून हसत होती. मैनाताईंनी पदरानं मानेचा घाम टिपला आणि नवऱ्याला शेवंतीला आज काय भाव लागला ते विचारलं. सोमाभाऊ सांगत होते, पण मैनाताईंचं लक्ष नव्हतं. एवढं हसण्यासारखं काय असेल, आणि ते कुणी लिहिलं असेल, त्याचं गाव कोणतं असेल, या विचारानं त्यांचा जीव नुसता खालीवर होत होता.